मधे कुणी उभं नाही

व्हर्लिन बाकेनने सगळा हिवाळा जेवणाच्या टेबलाशी काढला, पण जेवला मात्र ओट्याशी उभा राहून. टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर पसरला होता. नोव्हेंबरात खोकं आलं तेव्हा त्यात भोकं पाडलेला एक पत्रा, दोनअडीचशे सुटे भाग, तीन वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि कागदात गुंडाळलेले, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह एवढंच होतं. जोडायचं ज्याचं त्याने. सरोवराकाठच्या डुलुथ बंदराच्या धक्क्यावर, खनिजाची जहाजं भरणाऱ्या यंत्रांवर, चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून घालवलेल्या माणसाला त्यात अवघड काही नव्हतं. काम पंधरा दिवसांचं. त्याने ते पाच महिने पुरवलं.

मार्लिस असती तर तिसऱ्याच दिवशी म्हणाली असती, "हे उचल, नाहीतर या तारांवरच बटाटे वाढते." पण मार्लिसला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बायको गेल्यावर काय काय जातं ते लोक येऊन सांगतात, पण टोकणारं माणूस जातं हे कुणी सांगत नाही. टेबल अडवा, पलंगावर बूट ठेवा, तीन दिवस तोच शर्ट घाला, कुणी हूं की चूं करत नाही. एकटेपणा म्हणजे रात्री रडू येणं असेल असं व्हर्लिनला वाटलं होतं. तो असा निघाला.

व्हॉल्व्हची वाट त्याला दाखवली ड्वेन ऑस्टबीने. ड्वेन त्याचा मित्र आणि शनिवार मंडळाचा जवळजवळ अध्यक्ष. मंडळ म्हणजे नऊ निवृत्त माणसं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला एकाच्या घरी जमायचं आणि त्याच्या स्पीकरांवर गाणी ऐकायची. प्रत्येकाच्या घरी दोन स्पीकर, आणि त्यांच्यासमोर बरोबर मध्यावर एकच खुर्ची. आवाज खरा जुळतो तो त्या एका खुर्चीत. म्हणून पाळीपाळीने प्रत्येकाने तिथे एकेक गाणं बसायचं, बाकीच्यांनी भिंतीशी कॉफी पीत उभं राहायचं, यजमानाने सगळ्यात शेवटी. उठताना एखादी गोष्ट वाखाणायची. नावं ठेवायची नाहीत.

हा शेवटचा नियम मंडळाचा नव्हे, आमच्या मुलखाचाच आहे. आमच्याकडे कॉफी विचारली तर पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा उगाच त्रास कशाला म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर अर्धा कप घेतो. खऱ्याचंही तसंच. तीनदा विचारल्याशिवाय कुणी कुणाला खरं सांगत नाही, आणि तीनदा विचारण्याची हौस फारशी कुणाला नसते. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे ती सगळ्यांच्या घरी सख्ख्या बहिणीसारखी नांदते. मार्लिस तेवढी वेगळी. ती न विचारता बोलायची.

तर ड्वेन दोनतीन वर्षं म्हणत होता, "व्हर्लिन, तुझ्या खोलीला व्हॉल्व्ह शोभतील. आवाजाला जरा ऊब येईल." व्हर्लिन हसून सोडून द्यायचा. तेव्हा त्याला ऊब कमी नव्हती.

आता मात्र त्याला एक गोष्ट हवी होती, आणि ती एका रेकॉर्डवर होती. १९८१ साली चर्चचं छप्पर दुरुस्त करायला गायकवृंदाने एक रेकॉर्ड काढली होती. तीनशे प्रती, त्यांतल्या निम्म्या अजून चर्चच्या तळघरात असतील. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या स्तोत्रात एक कडवं मार्लिस एकटी गाते. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. ती जिवंत असताना व्हर्लिनने ही रेकॉर्ड फार तर चारदा लावली असेल. गाणारी स्वयंपाकघरात असताना रेकॉर्ड कशाला लावायची?

आणि रेकॉर्ड करताना ती जिथे होती, तिथे ती उभी राहावी एवढंच त्याला हवं होतं. चांगल्या जुळलेल्या स्पीकरांमधे गाणारा माणूस दिसतो. खोटं वाटेल, पण मंडळातला कुणीही सांगेल: डोळे मिटले की समोर, दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जमिनीपासून पाच फुटांवर त्याचं तोंड असतं. तशी मार्लिस त्याला दिवाणखान्यात एक कडवंभर हवी होती. दीड वर्षात त्याने ती रेकॉर्ड कितीतरी वेळा लावली. आवाज यायचा, तिचाच यायचा, पण कुठून ते कळायचं नाही. भिंतींमधून आल्यासारखा, छताला लागून फिरल्यासारखा. स्वतःच्याच घरात ती वाट चुकल्यासारखी वाटायची, आणि कडवं संपल्यावर त्याला आधीपेक्षा वाईट वाटायचं.

दोष त्याने आधी रेकॉर्डला दिला, मग जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला. ड्वेनचं म्हणणं आठवलं आणि खोकं मागवलं.

मार्चअखेरीस, सरोवरावरचा बर्फ किनाऱ्यापासून सुटायला लागला तेव्हा, त्याने पहिल्यांदा बटण दाबलं. व्हॉल्व्ह आधी काहीच करत नाहीत. मग काचेत तांबडा ठिपका येतो, तो हळूहळू नारिंगी होतो, आणि दहा मिनिटांनी जवळ हात नेला तर शेकायला होतं. व्हर्लिन समोर खुर्चीत बसून बघत राहिला. घरात आपल्याशिवाय आणखी काहीतरी गरम आहे हे त्याला बरं वाटलं. एवढ्याशा गोष्टीचं बरं वाटलं म्हणून मग थोडं वाईटही वाटलं.

आवाज सुधारला यात शंका नाही. चरचर गेली, व्हायोलिन लाकडाची वाटायला लागली. पण मार्लिस होती तिथेच, म्हणजे कुठेच नाही.

मग त्याने जुळवाजुळव सुरू केली. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून स्पीकर एकेक इंच पुढे आणले, एकेक इंच मागे नेले, खुर्चीकडे थोडे वळवले, पुन्हा सरळ केले. पुढचे दोन व्हॉल्व्ह बदलून जुने रशियन बसवले. ते जमेनात तेव्हा त्याहून जुने अमेरिकन. मार्लिसची गोधडी डाव्या भिंतीवर खिळे ठोकून टांगली, आवाज आपटू नये म्हणून. एकेक बदल तो वहीत तारीख घालून लिहीत असे. ही त्याची पंचवीस वर्षांची सवय. एप्रिलच्या मध्यापर्यंत जमीन पट्ट्यांनी भरली, वहीची सात पानं भरली आणि बाई काही उभी राहिली नाही.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. आर्डिस होती. चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षं मार्लिसच्या शेजारी उभी राहिलेली, बुटकी, गोल, ठसक्याची बाई. तिच्या हातात खमंग वासाचं झाकलेलं भांडं होतं.

"खायला आणलंय, आणि माझी भांडी न्यायला आलेय," ती म्हणाली. "अंत्यविधीच्या वेळी जेवण घालून आणली होती ती. दीड वर्षं वाट बघितली. म्हटलं आता मागितली तर चालेल."

"अगं, काढूनच ठेवलीत," व्हर्लिन ओशाळून म्हणाला. "कॉफी घेशील?"

"नको, चर्चमध्ये झाली."

"थोडी घे."

"उगाच माझ्यासाठी पसारा."

"केलेलीच आहे गं."

"मग अर्धा कप."

भांडी ओट्याच्या कोपऱ्यात रचलेली होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आर्डिसने एकेक उलटं करून पाहिलं. "हे माझं. हेही माझं. हे कॅरलचं, तिला देते." चौथ्यापाशी ती थांबली. "हे कुठे नेऊ रे मी? हे मार्लिसचंच आहे."

व्हर्लिनने चष्मा लावून पाहिलं. पट्टीवर मार्लिसच्या अक्षरात बाकेन लिहिलं होतं. दीड वर्षं हे भांडं परक्याचं म्हणून त्याने बाजूला ठेवलं होतं.

"माझं हे असं झालंय," तो म्हणाला.

"असं तुझं आधीपासूनच होतं," आर्डिस म्हणाली आणि कप घेऊन दिवाणखान्यात गेली. तिथे जमिनीवरच्या पट्ट्या, भिंतीवरची गोधडी आणि नारिंगी उजेड बघून ती जागीच थबकली. "काय रे हे? विमान उतरवतोयस?"

त्याने तिला समजावून सांगितलं. सगळंच सांगितलं, रेकॉर्डसकट. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय. आर्डिसने कप खाली ठेवला.

"लाव की मग. मीही आहे त्यात."

त्याने तिला खुर्चीत बसवलं. पंचवीस वर्षांत त्या खुर्चीत बसलेली ती पहिली बाई. सुई तिसऱ्या स्तोत्रावर ठेवली. वृंद गायला लागला, मग थांबला, आणि मार्लिसचं कडवं आलं. आर्डिस मान वळवून आधी डावीकडे बघायला लागली, मग उजवीकडे, मग चक्क मागे.

"ही कुठे आहे?" तिने विचारलं.

"गातेय की."

"गातेय, पण आहे कुठे? हे बघ, वृंदात मी इथे डावीकडे आहे, मला माझा आवाज कळतो. रूथ तिकडे. मार्लिस आम्हा दोघींच्या मधे उभी होती. बरोबर मधे, अर्धं पाऊल पुढे. मी तिच्या झग्याला मागून टाचणी लावली होती, मला विचार." आर्डिसने समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "इथे कुणी उभं नाहीये."

हे वाक्य व्हर्लिनने आधी ऐकलं होतं. याच खोलीत ऐकलं होतं.

"थांब," तो म्हणाला. त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, व्हॉल्व्ह निवू दिले, आणि त्याच्या पाठीला लावलेल्या स्पीकरच्या तारा सोडवल्या. टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढला. दोन्ही स्पीकरांच्या पुढची कापडं काढली आणि आर्डिसला उजव्या स्पीकरसमोर स्टुलावर बसवलं. "तो मोठा कागदी पडदा आहे ना, त्याच्याकडे बघ. मी सेल टेकवला की तो पुढे येतो की मागे जातो, तेवढं सांग."

"मी चर्चच्या कपड्यांत आहे, व्हर्लिन."

"नुसतं बघायचंय."

त्याने तार टेकवली. धप्प असा बारीक आवाज झाला.

"पुढे आला," आर्डिस म्हणाली. "माझ्याकडे."

"आता डावीकडे जा."

पुन्हा धप्प झालं. आर्डिस स्टुलावरून आणखी पुढे वाकली.

"काय झालं?"

"परत कर."

त्याने परत केलं.

"हा मागे जातो," ती म्हणाली.

व्हर्लिन गुडघ्यांवर रांगत डाव्या स्पीकरच्या मागे गेला. तिथे पुस्तकांच्या कपाटाची कड आहे, हात कसाबसा जातो, डोकं जात नाही. कपाट ओढलं. तारा सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या, महागातल्या. दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या, पारदर्शक कवचातल्या. त्यांतल्या एकीच्या अंगावर केसाएवढी उंच रेघ, ती बोटाला लागली की ही स्पीकरमागच्या दोन खुंट्यांपैकी लाल खुंटीची, असं ओळखायचं. त्याने तेव्हा ती बोटानेच ओळखली होती, अंधारात हात घालून. ती काळ्या खुंटीत होती.

घरातल्या दिव्याच्या दोन तारा उलटसुलट झाल्या तरी दिवा लागतो. स्पीकरही वाजतो. फक्त एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि मधे जो कुणी उभा असेल त्याला ते दोघं मिळून पुसून टाकतात. मंडळात नवीन आलेल्याला ही पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. व्हर्लिनने स्वतः चौघांना सांगितली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अ‍ॅम्प्लिफायर बदलला, व्हॉल्व्ह बदलले, भिंतीला खिळे ठोकले, सगळ्या गावाला वळसा घातला आणि कळसा काखेत. मागे हात घालून बघायचं त्याला सुचलं नाही, कारण ती जोडणी त्याची स्वतःची होती आणि तो चौतीस वर्षं मुरलेला इलेक्ट्रिशियन होता.

त्याने तारा फिरवून बसवल्या. व्हॉल्व्ह तापू दिले. मग त्याने सुई ठेवली आणि बाजूला, रेकॉर्डच्या टेबलाशी उभा राहिला. वृंद थांबला. कडवं सुरू झालं. आर्डिस खुर्चीत होती. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"ती बघ," ती म्हणाली. "अर्धं पाऊल पुढे. आम्ही नेहमी सांगायचो, मागे ये गं, मागे ये."

व्हर्लिन उभा होता तिथून काहीच दिसत नव्हतं. तिथून फक्त उजवा स्पीकर ऐकू येत होता.

"तू बस इथे," आर्डिस म्हणाली.

"राहू दे. तू ऐक."

"अरे बस."

"नको, तुझं होऊ दे."

तिसऱ्यांदा विचारायचं ती विसरली, कारण ती रडत होती. मग बाजू संपली, आर्डिसने नाक पुसलं, भांडी उचलली, मार्लिसचं तेवढं ओट्यावर मधोमध ठेवलं आणि गेली.

ती गेल्यावर व्हर्लिन खुर्चीत बसला नाही. त्याने वही काढून सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर शोधला. सापडला. नव्या तारा बसवल्या, आवाजाचा पसारा कमालीचा रुंद झाला, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ: मार्लिस म्हणते, मधे कुणी उभं नाही. शेजारी त्याने हसरा चेहरा काढला होता. हसरा चेहरा कशासाठी ते त्याला आठवलं. पुढच्या शनिवारी मंडळ त्याच्याकडे होतं, तेव्हा ही ओळ त्याने सगळ्यांना वाचून दाखवली होती. "बायको म्हणते मधे कुणी उभं नाही. मी म्हटलं, तू भांडी घासत ऐकतेस, तुला नळच उभा दिसणार." आठही जण हसले होते. मार्लिस तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात, कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी होती. तीही थोडी हसली होती.

ते दार खुर्चीच्या बरोबर मागे, आठ पावलांवर आहे. लग्नानंतरची सगळी वर्षं, कुणी चांगलं गायला लागलं की मार्लिस हात पुसत तिथे येऊन उभी राहायची आणि गाणं संपलं की आत जायची. मग कधीतरी येईनाशी झाली. व्हर्लिनला वाटलं, वय झालं, आवड कमी झाली. त्याने विचारलं नाही. आता वहीवर बोट ठेवून त्याला कळलं की ती या ऑक्टोबरनंतर आली नव्हती. त्यानंतर ती साडेचार वर्षं जगली.

त्याला स्वतःची लाज वाटली. पण एक गोष्ट त्याला टोचत होती. ते आठ जण तर बहिरे नव्हते. त्याने ड्वेनला फोन केला. ड्वेन सोमवारी सकाळी दहाला आला, काखेत तीन रेकॉर्ड आणि डोक्यावर माशांच्या दुकानाचं नाव छापलेली टोपी.

"हा तो अ‍ॅम्प्लिफायर? काय देखणा केलायस रे," म्हणत तो वाकून व्हॉल्व्ह बघायला लागला.

"ड्वेन, तुला एक विचारायचंय. आधी माझ्या स्पीकरांचा आवाज कसा होता?"

"छान होता की."

"कसा होता?"

ड्वेन सरळ झाला. "रुंद होता. खोली भरून टाकायचा. प्रत्येकाची आवड असते बाबा."

"ड्वेन," व्हर्लिन म्हणाला, "आवाज कसा होता?"

तीनदा झालं. ड्वेनने टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझी एक तार उलटी होती."

"कधी कळलं?"

"पहिल्याच शनिवारी. गाडीत बसल्यावर आम्ही बोललो. सगळ्यांनाच कळलं होतं."

"आणि माझ्याबरोबर हसलात."

"तुझं घर होतं. तू खुशीत होतास." ड्वेन खाली बघत होता. "मला वाटलं, आज ना उद्या तुझं तुलाच कळेल. म्हणून म्हणत होतो, अ‍ॅम्प्लिफायर बदल. बदलला की तारा सोडवशील, मागे बघशील."

"मी अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकालाच सोडवल्या."

"हं."

व्हर्लिनला ओरडावंसं वाटलं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो ड्वेन नव्हता हे त्याला ठाऊक होतं. तो कॉफी आणायला वळला, तेव्हा ड्वेन पाठीमागून म्हणाला, "आणखी एक आहे. हे तू विचारलं नाहीयेस, पण सांगतो. मार्लिसने मला फोन केला होता."

"कधी?"

"त्याच आठवड्यात. म्हणाली, ड्वेन, नव्या तारा लावल्यापासून काहीतरी बिघडलंय, मला त्यातलं कळत नाही, पण गाणारी माणसं घरात येईनाशी झालीत. तू त्याला सांग. तो माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल."

"तू काय म्हणालास?"

"सांगतो म्हणालो." ड्वेनने टोपीची कड दुमडली. "पुढच्या वर्षी चर्चमध्ये भेटली तेव्हा तिने विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, तो विचारतच नाही गं."

मग ड्वेनने टोपी घातली. रेकॉर्ड न लावताच तो गेला, आणि जाताना व्हर्लिनने त्याला कॉफी विचारली नाही. एकदाही नाही.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. व्हॉल्व्ह तापलेले होते. व्हर्लिनने रेकॉर्ड पुसली, सुई तिसऱ्या स्तोत्राच्या थोडी आधी ठेवली आणि खुर्चीकडे निघाला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो थांबला. मग तसाच पुढे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथे, चौकटीला खांदा लावून, समोर तोंड करून उभा राहिला. दाराच्या कडीला तिचा पुसायचा फडका अजून तसाच होता. त्याने तो हातात घेतला.

वृंद थांबला आणि मार्लिस आली. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, अर्धं पाऊल पुढे. सव्वीस वर्षांची. ओळ सुरू करण्यापूर्वी तिने श्वास घेतला तोही त्याने ऐकला. इथून, आठ पावलांवरून, खुर्चीत न बसता, सगळं स्वच्छ कळत होतं. तिला इथून कायमच स्वच्छ कळत असलं पाहिजे. आणि इथून गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे खुर्चीची पाठ दिसत होती, जिच्यावर इतकी वर्षं त्याचं डोकं असायचं. गाणं ऐकायला ती येऊन उभी राहायची तेव्हा तिला त्याचं तेवढंच दिसत असे. एकदाही तिला बस म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं.

"मार्लिस," तो म्हणाला, "आता बरोबर आहे का गं?"

ती गात होती.

"आता बरोबर आहे का?"

मार्लिसला कधी दुसऱ्यांदा विचारावं लागलं नव्हतं. कडवं संपलं, सगळा वृंद पुन्हा तिच्याभोवती गायला लागला आणि ती त्यात मिसळून गेली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि फडका हातात धरून उत्तरासाठी थांबला.